दहा किलोंचा रवा

यासीन मिस्त्रींनी कॅरिअरला शेवटचा टाका मारला,
काळा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
मोकळ्या सायकलवर काय शिकणार बाई,
वजन बांधा.

वजन म्हटलं की मला गूळच आठवतो.
शाहूपुरीत अडतीवर वीस वर्षं खतावणी लिहिते मी.
दहा किलोंचा रवा आणला, पोत्यात गुंडाळला,
रबरी ट्यूबनं मागं आवळला
आणि पहाटे पाचला जोतिबाच्या रस्त्याला लागले.

पहिल्या आठवड्यात केर्लीच्या पुढं उतरून ढकलली.
दुसऱ्या आठवड्यातही.
किटल्या घेऊन उतरणारा दूधवाला
रोज तेच विचारायचा, पंक्चर?
मी रोज तेच सांगायची,
न्हाई, दम.

निलोफर नंतर आली.
सीपीआरची रात्रपाळी संपवून थेट,
डोळ्यांत झोप, पायांत स्प्रिंग.
वरच्या वळणावर थांबून हाक मारायची,
ए अडत, ये की!
दिवाळीपर्यंत मीही न उतरता चढू लागले.
रव्याला तोवर मुंग्या लागल्या होत्या.
कडा झिजून तो नऊ किलो भरला.
वहीत लिहिलं, घट एक किलो,
जमा दोन मांड्या.

पौषात निघालो. पाच दिवस, चार मुक्काम.
मसाईच्या पठारावर गवत पितळी झालेलं
आणि चाकाखाली जांभा दात खात होता.
तंबू, स्टोव्ह, पीठ, पाणी,
हे वजन रव्यासारखं नव्हतं.
रवा मुका. बांधला तिथं बसायचा.
हे सामान प्रत्येक वळणावर
आपलं मत द्यायचं.

आंबा घाटाच्या तोंडाशी निलोफरचा गुडघा.
तिनंच दाबून बघितला, नर्सच्या बोटांनी,
जसा दुसऱ्या कुणाचा असावा,
आणि म्हणाली, हा पेशंट घरी जाणार.
एसटीच्या टपावर तिची सायकल चढवली.
खिडकीतून तिनं आपल्या वाट्याची चहापूड, मीठ,
सुईदोरा माझ्या हातात दिला
आणि दुसरीकडं बघत राहिली.
जी माझ्यापेक्षा चांगली चढायची, ती परत गेली.
हे कुठल्या खात्यावर टाकायचं
मला अजून सुचलेलं नाही.

अणुस्कुऱ्याच्या अलीकडं, रानातली गाडीवाट
खाली कलंडली तेव्हा कळलं,
चार महिने मी फक्त चढ शिकले.
उतार म्हणजे घरी परत येणं, एवढंच धरलं होतं.
बोटं ब्रेकवर आखडली,
दगड सुटे, मागचं ओझं पाठीत कोपर मारतंय
चल, चल, चल.
वाटेतच बसकण मारली.

धनगरवाड्यावरची एक बाई शेळ्या घेऊन वर येत होती.
आधी सायकल बघितली, मग पिशव्या, मग मला.
काय इकायला आणलंयस?
काय न्हाई.
मग एवढं वझं?
मी गुळाचा खडा पुढं केला, त्याच रव्यातला.
तिनं निम्मा तोंडात टाकला,
निम्मा शेळीला चारला.
म्हणाली, बूड मागं टाक. नजर लांब ठेव.
पायाकडं बघितलं की पाय सटकतोय.
ती अनवाणी होती.

पुढचं फार नाही सांगण्यासारखं.
गगनबावड्याला धुकं एवढं
की तंबूची दोरी दिसेना.
दाजीपूरला पहाटे कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला;
गवा असावा, मी चेन उघडली नाही.
मग भोगावतीकाठचा सपाट रस्ता,
उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचा धूर,
आणि फुलेवाडीच्या नाक्यावर
लंगडत उभी निलोफर.
कसं झालं, असं नाही विचारलं तिनं.
विचारलं, रवा किती उरला?

आता रविवारी सायकली टेम्पोत घालून
जोतिबाला जातो दोघी
आणि फक्त उतरतो.
तिचा गुडघा तेवढीच परवानगी देतो,
मला तेवढंच येत नाही.
दूधवाला शेजारून किटल्या वाजवत निघतो,
वळून ओरडतो, आता तरी पंक्चर?
मी उत्तर देत नाही.
नजर लांब ठेवलीय.